टीव्हीचं बिल कोण भरतं? पोस्टातल्या परवान्यापासून फ्री डिशपर्यंत

किराणा, दूध, वीज, गॅस, मुलांची फी. घरखर्चाच्या वहीतले हे रकाने आपल्या आई-आजीच्या काळापासून चालत आलेत. टीव्हीचा रकाना मात्र नवा आहे. तीसेक वर्षांपूर्वी तो वहीत शिरला आणि वाढत गेला. आता बहुतेक घरांत महिनाअखेरीला हाच प्रश्न निघतो : हे बिल कमी कसं करायचं?

हा प्रश्न काटकसरीचा वाटतो, पण त्यामागे अर्ध्या शतकाचा इतिहास आहे. टीव्ही आपल्याकडे कधीच फुकट नव्हता. त्याचे पैसे कुणी भरायचे, एवढंच काळाप्रमाणे बदलत गेलं. आधी सरकारनं मागितले, मग जाहिरातदारानं भरले, मग केबलवाल्यानं दारात येऊन नेले आणि आता मोबाइलवर रिचार्जच्या रूपानं जातात. या सगळ्या वाटचालीत कायदेशीर आणि बिनखर्चाचा एक रस्ता कायम उघडा राहिला. तो आपल्या हक्काचा आहे, हे मात्र आपण विसरून गेलो.

त्यासाठी एखादं गाव डोळ्यांसमोर ठेवू. कोल्हापूर शहराच्या पूर्वेला, करवीर तालुक्यात गडमुडशिंगी आहे. एका अंगाला गांधीनगरची कापड बाजारपेठ, दुसऱ्या अंगाला उजळाईवाडीचा विमानतळ, थोडं पुढे गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत. राहणीमान शहराला चिकटलेलं, कारभार ग्रामपंचायतीचा. अशा गावात दुकानात पगारावर काम करणारी, कारखान्यात पाळी करणारी, दोन म्हशी ठेवून दूध घालणारी अशी सगळ्या प्रकारची घरं असतात. दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं, पगार महिन्यानं येतो, मजुरी आठवड्यानं. अशा घरात महिन्याला तीनशे रुपये ही लहान रक्कम नसते. वर्षाचा हिशेब केला, तर ती छत्तीसशे होते. त्यात एका मुलाची शाळेची पुस्तकं, वह्या, गणवेश आणि दप्तर निघू शकतं.

पोस्टात मिळणारा परवाना

आज सांगितलं तर पोरांना खरं वाटत नाही, पण एके काळी रेडिओ आणि टीव्ही घरात ठेवायला परवाना लागायचा. तो पोस्टात मिळायचा आणि दरवर्षी त्याचं नूतनीकरण करावं लागायचं. रेडिओला वर्षाला १५ रुपये, टीव्हीला ५० रुपये असा दर होता. बिनपरवाना संच ठेवणं हा गुन्हा होता. त्याचं मूळ १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी संदेश कायदा या इंग्रजी अमदानीतल्या कायद्यांमध्ये होतं. हवेतून येणारा संदेश सरकारच्या मालकीचा आणि तो पकडायचा तर सरकारची परवानगी हवी, असा त्यामागचा विचार होता.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्याला मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. दक्षिण महाराष्ट्र तेव्हा या वर्तुळाबाहेर होता. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या उपग्रहाच्या मदतीनं ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत सामुदायिक टीव्ही संच बसवले गेले. महाराष्ट्र त्यात नव्हता. मात्र आपल्या सीमेला लागून असलेल्या विजापूर आणि गुलबर्गा जिल्ह्यांतल्या गावकऱ्यांनी शाळेच्या, चावडीच्या आवारात बसून शेतीचे आणि आरोग्याचे कार्यक्रम पाहिले. त्या गावांसाठी टीव्ही ही गावविहिरीसारखी सार्वजनिक वस्तू होती. बिल गावकऱ्याच्या नावावर येत नव्हतं.

१९७६ च्या जानेवारीपासून दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या. ही घटना छोटी वाटते, पण टीव्हीचं बिल दुसऱ्याच्या खिशात सरकण्याची ती सुरुवात होती. साबण आणि चहा विकणारी कंपनी आता कार्यक्रमाचा खर्च उचलू लागली. ग्राहक तो खर्च साबणाच्या किमतीत भरत होता, पण त्याची पावती त्याला मिळत नव्हती. पुढे ऐंशीच्या दशकाच्या मध्यात परवाना शुल्कच रद्द झालं. ब्रिटनमध्ये टीव्ही पाहणाऱ्या घराला आजही वार्षिक परवाना काढावा लागतो. आपण मात्र चाळीस वर्षांपूर्वी त्यातून मोकळे झालो.

अँटेना आणि शेजार

१९८२ च्या आशियाई खेळांनी रंगीत टीव्ही आणला. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह गेला आणि १९८४ मध्ये देशभर जवळपास रोज एक या वेगानं लहान प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली. घराघरांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना दिसू लागले. एकदा संच घेतला आणि अँटेना चढवला की पुढे महिन्याचा खर्च विजेपुरता. बांबूवर चढून कुणीतरी अँटेना फिरवायचा आणि खालून बाकीचे ओरडायचे : ‘आलं, आलं... गेलं!’

‘हम लोग’ १९८४ मध्ये आली, ‘रामायण’ १९८७ मध्ये, ‘महाभारत’ १९८८ मध्ये. त्याच सुमारास ‘तमस’ दाखवली गेली आणि गुलजारांची ‘मिर्झा गालिब’सुद्धा. टीव्ही घरात आणावा की नाही, यावर मुस्लिम मोहल्ल्यांत तेव्हा मोठा खल व्हायचा. अनेक उलेमांचा सक्त विरोध होता. तरीही ज्या घरात संच नव्हता, त्या घरातली मुलं शेजारच्या घरात जाऊन बसायची. हिंदूंच्या घरातल्या ‘रामायणा’ला मोहल्ल्यातली पोरं आणि मोहल्ल्यातल्या घरी ‘गालिब’ ऐकायला मराठीचे मास्तर, असं चित्र अनेक गावांनी पाहिलं. ज्या भागात मोहरमचे पंजे तालमीत बसतात आणि बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे, तिथं याचं फारसं नवल वाटलं नसणार.

याला स्मरणरंजन म्हणून सोडून देता येईल. पण त्या काळात बिल शून्य होतं म्हणून संच एकमेकांत वाटला जात होता, हेही खरं आहे. पुढे प्रत्येक घराचं बिल वेगळं झालं, तसं पाहणंही वेगळं झालं.

वायर घरात आली

१९९१ च्या आखाती युद्धाचं थेट चित्रण मोठ्या हॉटेलांतल्या डिशवर दिसलं. त्याच वर्षी स्टार टीव्ही आला. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाला. त्याआधीच मुंबईच्या इमारतींत व्हिडिओवर सिनेमा लावून वायरनं घराघरांत पोचवणारे तरुण उभे राहिले होते. आता त्यांनी गच्चीवर मोठी डिश बसवली. नव्वदच्या दशकात ही वायर विजेच्या खांबांवरून, झाडांवरून, गल्लीच्या डोक्यावरून लहान शहरांत आणि मग गावांत पोचली.

केबलवाला गल्लीतलाच पोरगा असायचा. पैसे महिन्याला रोख, पावती नाही, उधारी चालायची. लग्नकार्य असेल तर पुढच्या महिन्यात घ्यायचा. किती घरांत वायर गेली, याचा खरा आकडा त्याच्या वहीतही नसायचा, कारण त्या आकड्यावर करमणूक कर आणि वाहिन्यांचं देणं ठरायचं. या कच्च्या हिशेबावर ग्राहकाला स्वस्त टीव्ही मिळत होता आणि अनेक तरुणांना रोजगार मिळत होता. दर कोण ठरवतं, हे मात्र ग्राहकाला कधीच कळत नव्हतं.

मराठीपुरतं बोलायचं तर केबलनं मोठी गोष्ट केली. १९९९ मध्ये अल्फा टीव्ही मराठी आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी आल्या. दूरदर्शनच्या मराठी कार्यक्रमांना खाजगी पर्याय मिळाला. संध्याकाळी सातनंतर घरातल्या बायकांचा असा स्वतःचा वेळ तयार झाला. कोल्हापुरात तर केबलवरच्या स्थानिक वाहिन्यांनी शाहू स्टेडियमवरचे फुटबॉल सामने घराघरांत नेले आणि पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी दाखवली. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे पंचगंगेकाठच्या पोरासोरांनाही पाठ आहे. त्यात या वाहिन्यांचाही वाटा आहे. केबलचं बिल तोडायचं ठरवताना ही बाजू विसरून चालणार नाही.

हवा कुणाची?

या धामधुमीत एक निकाल आला. १९९३ च्या हिरो कप क्रिकेट स्पर्धेचं प्रक्षेपण कुणी करायचं, यावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्यायालयानं सांगितलं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारच्या एकट्याच्या मक्तेदारीची नाही आणि बाजाराला मोकळी सोडून द्यायचीही नाही. जनतेच्या हितासाठी तिचं नियंत्रण एका स्वायत्त सार्वजनिक संस्थेकडे असलं पाहिजे. या खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. पुढे प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झालेले आणि महाराष्ट्राच्या सामाजिक चळवळींत अखेरपर्यंत वावरलेले हे मराठी न्यायमूर्ती. निकालाचा मुख्य भाग त्यांनीच लिहिला. माहिती मिळवणं आणि ती वेगवेगळ्या स्रोतांतून मिळणं हा नागरिकाच्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग आहे, अशी त्याची दिशा होती.

त्याच वर्षी केबल टीव्ही नियमन कायदा झाला. केबलवाल्याला नोंदणी सक्तीची झाली, दूरदर्शनच्या ठरलेल्या वाहिन्या दाखवणं बंधनकारक झालं आणि हक्क नसलेले कार्यक्रम दाखवायला बंदी आली. १९९७ मध्ये प्रसार भारती अस्तित्वात आली. तिची स्वायत्तता किती खरी, हा वेगळा लेखाचा विषय आहे. आपल्या विषयासाठी महत्त्वाचं एवढंच की हवेवर आपला, म्हणजे लोकांचा हक्क आहे, हे तत्त्व त्या निकालात पक्कं झालं.

२००७ मध्ये खेळांच्या प्रक्षेपणाबाबत कायदा आला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल खाजगी वाहिनीनं प्रसार भारतीला दिलाच पाहिजे, असं त्यात ठरलं. ज्याच्या घरी केबल नाही, त्यालाही भारताचा सामना दिसला पाहिजे, हा हेतू. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा सिग्नल दूरदर्शननं आपल्या जमिनीवरच्या प्रक्षेपणातून आणि आपल्या मोफत डिशवरूनच दाखवायचा, केबलवाल्यांमार्फत नाही. म्हणजे या सवलतीचा खरा वारसदार ठरला तो मोफत डिशवाला.

१५३ रुपये ४० पैसे

केबलचे दर बेलगाम वाढत होते, म्हणून २००४ मध्ये हा विषय दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे ट्रायकडे आला. २६ डिसेंबर २००३ रोजी जे दर होते तीच कमाल मर्यादा, असा तात्पुरता बांध ट्रायनं घातला. मग सेट टॉप बॉक्सची सक्ती आली. मुंबईत २०१२ मध्ये, पुणे, नागपूर, सोलापूर अशा मोठ्या शहरांत २०१३ मध्ये. कोल्हापूर शहर तिसऱ्या टप्प्यात होतं. गडमुडशिंगीसारखी ग्रामपंचायतीची गावं चौथ्या, शेवटच्या टप्प्यात. त्याची मुदत लांबत लांबत मार्च २०१७ पर्यंत आली. शहर आणि गाव यांच्यात अंतर काही किलोमीटरचं, पण सरकारी कागदावर दोन वेगळे टप्पे.

बॉक्स आल्यावर केबलवाल्याच्या वहीची जागा संगणकानं घेतली. घरांचा खरा आकडा समोर आला, उधारी संपली, रिचार्ज आला. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि बिलात १८ टक्के कर दिसू लागला.

फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवी दरपद्धत अमलात आली. पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी जोडणी शुल्क १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १५३ रुपये ४० पैसे. त्यावर सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. जी वाहिनी बघायची तिचेच पैसे द्या, असं आश्वासन होतं. तत्त्व चांगलं होतं. प्रत्यक्षात सुट्या वाहिनीची किंमत जास्त आणि गठ्ठ्याची कमी ठेवल्यामुळे लोक पुन्हा गठ्ठाच घेऊ लागले. २०२० मध्ये त्याच १३० रुपयांत दोनशे वाहिन्या देण्याचा नियम झाला. २०२४ मध्ये जोडणी शुल्कावरची कमाल मर्यादाच काढून टाकण्यात आली. म्हणजे आता कंपनी ठरवेल तो आकडा.

१५३ रुपये ४० पैशांचं वर्षाचं गणित १८४० रुपये ८० पैसे होतं. एकही सशुल्क वाहिनी न घेता, फक्त मोफत वाहिन्या वायरनं घरात आणण्याचा हा खर्च. त्याच मोफत वाहिन्यांतल्या अनेक हवेतून, एकही पैसा मासिक न देता मिळत होत्या.

आग्नेयेकडे तोंड केलेली तबकडी

१६ डिसेंबर २००४ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही सेवा सुरू झाली. सुरुवातीला ३३ वाहिन्या होत्या. हीच पुढे ‘डीडी फ्री डिश’ झाली. आज ती जीसॅट-१५ या उपग्रहावरून चालते. तो विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. म्हणून आपल्या कोल्हापूर भागात फ्री डिशच्या तबकड्या आग्नेयेकडे तोंड करून, आभाळाकडे बऱ्याच उंच रोखलेल्या दिसतात.

हिशेब साधा आहे. तबकडी, बॉक्स आणि बसवण्याची मजुरी मिळून दीड-दोन हजार रुपये एकदाच. नंतर महिन्याला काहीच नाही. रिचार्ज नाही, सक्रिय करण्याचं शुल्क नाही, ओळखपत्र नाही. कुणी फ्री डिशसाठी दरमहा पैसे मागत असेल, तर तो फसवतो आहे, असं खुशाल समजावं. महिन्याला तीनशे रुपये भरणाऱ्या घराचा हा खर्च सात महिन्यांत वसूल होतो. बॉक्स घेताना एमपीईजी-४ प्रकारचा घ्यावा, जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर सगळ्या वाहिन्या दिसत नाहीत. अलीकडच्या काही टीव्ही संचांत उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो, त्यांना वेगळा बॉक्सही लागत नाही. आग्नेयेला नारळाचं झाड किंवा शेजारचा मजला आडवा येत नाही ना, ते आधी पाहावं. जून-जुलैच्या धो-धो पावसात चित्र जाईल, हेही गृहीत धरावं.

अमेरिकेत केबल तोडणारी घरं पुन्हा छतावरच्या अँटेनाकडे वळली, कारण तिथं स्थानिक वाहिन्या अजून जमिनीवरून प्रक्षेपित होतात. आपल्याकडे तो रस्ता जवळपास बंद झाला आहे. प्रसार भारतीनं २०२२ पर्यंत मोजकी पन्नासेक ठिकाणं सोडून जुनी जमिनीवरची प्रक्षेपणं थांबवली. त्यामुळे बांबूवरच्या त्या अँटेनाची जागा आता या तबकडीनं घेतली आहे.

तिच्यावर दिसतं काय? दूरदर्शनच्या सगळ्या वाहिन्या, त्यात आपली सह्याद्री आणि २००६ मध्ये सुरू झालेली डीडी उर्दू. शिवाय फक्त मराठी, शेमारू मराठीबाणा, सन मराठी यांसारख्या खाजगी मराठी वाहिन्या तिथं आल्या. आकाशवाणीही ऐकू येते. देशात सुमारे साडेचार कोटी घरांत ही सेवा असल्याचा अंदाज सांगितला जातो. उलट, सशुल्क डीटीएचचे ग्राहक २०२० च्या अखेरीला सात कोटींच्या आसपास होते, ते २०२४ च्या अखेरीला सहा कोटींच्या खाली आले. काटकसर कुठल्या दिशेनं चालली आहे, ते यातून दिसतं.

फुकटाचे दोन प्रकार

इथं थोडं थांबून विचार करायला हवा. फ्री डिश आपल्याला फुकट आहे, पण ती धर्मादाय नाही. खाजगी वाहिन्या तिथली जागा लिलावात विकत घेतात आणि तो पैसा जाहिरातींतून काढतात. त्यांचं गणित बदललं की त्या निघून जातात. मार्च २०१९ मध्ये स्टार, झी, सोनी आणि व्हायकॉम या चारही समूहांनी आपल्या लोकप्रिय हिंदी वाहिन्या फ्री डिशवरून काढल्या. २०२० मध्ये त्या परत आल्या, २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. गरीब घरातली मालिका अर्ध्यावर तुटली, कारण त्या घराच्या डोळ्यांची किंमत दुसऱ्या कुणीतरी कमी ठरवली होती.

तरीही हे फुकट आणि मोबाइल कंपनीचं फुकट यात फरक आहे. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला. २०२२ चा फुटबॉल विश्वचषक जिओ सिनेमावर फुकट होता. फुटबॉलवेड्या कोल्हापुरात त्याचं किती कौतुक झालं असेल, ते सांगायला नको. २०२३ ची आयपीएलही फुकट होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओ सिनेमा आणि हॉटस्टार एक झाले आणि थोडं फुकट दाखवून पुढे पैसे मागू लागले. कंपनीचं फुकट म्हणजे बाजारात ठेवलेला चाखायचा गूळ. सवय लागेपर्यंतच तो फुकट असतो. दूरदर्शनचं फुकट कायद्यावर आणि न्यायालयाच्या निकालावर उभं आहे. ते कंटाळवाणं असेल, सरकारी असेल, पण ते काढून घ्यायचं तर त्याचं उत्तर संसदेत द्यावं लागेल.

प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हे ॲप सुरू केलं. दूरदर्शनच्या वाहिन्या आणि जुन्या मालिका त्यावर आहेत. बहुतेक मराठी वृत्तवाहिन्या आपलं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर स्वतःच देतात. घरात मुलांच्या अभ्यासासाठी ब्रॉडबँड आधीच असेल, तर हे सगळं जादा खर्चाशिवाय टीव्हीवर दिसतं. केवळ टीव्हीसाठी ब्रॉडबँड घेणार असाल, तर मात्र बचत होत नाही, फक्त बिलाचं नाव बदलतं.

आणखी एक वाट गल्लोगल्ली सांगितली जाते. शंभर-दोनशे रुपयांत हजार वाहिन्या देणारी ॲप, टेलिग्रामवरचे सिनेमे, कुणाच्या तरी चोरलेल्या पासवर्डवर चालणारा बॉक्स. ही बचत नाही, चोरी आहे. कॉपीराइट कायद्यानं तो गुन्हा आहे, शिवाय अशा ॲपमधून मोबाइलमधली बँकेची माहितीही जाऊ शकते. हलाल कमाईचा आग्रह धरणाऱ्या घरानं हराम करमणूक स्वस्तात घ्यावी, याला काय म्हणावं? फुकटाचा कायदेशीर रस्ता उघडा असताना तर त्याला निमित्तही उरत नाही.

पैसे मोजून काय विकत घेतो?

बिल कमी करण्याचा विषय केवळ रुपयांचा नाही, असं मला वाटतं. मार्च-एप्रिल २०२० मध्ये तबलिगी जमातीच्या नावानं वृत्तवाहिन्यांनी जे चालवलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. भाजीवाल्यांना गल्लीत येऊ देईनासे झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं, अशा आशयाचे ताशेरे ओढले. त्या काळात आपल्यापैकी किती घरं दरमहा रिचार्ज करून त्याच वाहिन्या बघत होती?

२०१९ च्या नियमानं एक अधिकार दिला आहे. जी सशुल्क वाहिनी नको, ती आपल्या यादीतून काढून टाकता येते आणि तिचे पैसे वाचतात. हा छोटा, शांत आणि कायदेशीर निषेध आहे. पण त्याची मर्यादाही ओळखायला हवी. बातम्यांच्या कित्येक वाहिन्या मोफतच आहेत आणि फ्री डिशवरही त्यांची गर्दी आहे. त्यांना आपले पैसे नकोतच, आपला वेळ हवा आहे. तिथं रिमोट हाच आपला खिसा. चॅनेल बदललं की त्यांचं बिल थांबतं. इसराफ, म्हणजे उधळपट्टी, फक्त पैशाची होते असं नाही. संध्याकाळचीही होते.

घरातला हिशेब

शेवटी घरात हा निर्णय कसा घ्यावा? आठवडाभर कोण काय बघतं, ते एका कागदावर लिहावं. पंधरा-वीस वाहिन्यांपलीकडे यादी सहसा जात नाही. त्यातल्या किती फ्री डिशवर आहेत, किती यूट्यूबवर अधिकृतपणे आहेत, ते तपासावं. एखाद-दुसरी सशुल्क वाहिनी खरोखर हवी असेल, तर गठ्ठा सोडून तेवढीच सुटी घेतल्यास किती पडते, ते विचारावं. केबल बंद करायची असेल तर केबलवाल्याला आधी सांगावं, त्याचा बॉक्स त्याला परत करावा आणि अनामत दिली असेल तर ती मागून घ्यावी. तोही आपल्याच गावातला, घर चालवणारा माणूस आहे.

आणि एक गोष्ट कागदावर न येणारी. घरात काटकसर सुरू झाली की पहिली कुऱ्हाड टीव्हीवर पडते, पुरुषाच्या मोबाइलच्या डेटावर नाही. पुरुष चौकात, चहाच्या टपरीवर, तालमीत, मशिदीबाहेर चार माणसांत बसतो. आपल्या मोहल्ल्यातल्या कित्येक बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना तेवढीही जागा नाही. दिवसभर राबल्यावर संध्याकाळचा एक तास आणि एक मालिका एवढाच त्यांचा विसावा असतो. तो काढून घेऊन केलेल्या बचतीची किंमत एकट्या अम्मीनं किंवा आजीनं मोजलेली असते. म्हणून यादी करताना आधी त्यांना विचारा. त्यांची मालिका मोफत मिळत नसेल, तर तेवढ्या एका वाहिनीचे पैसे आनंदानं भरा आणि बाकीचा गठ्ठा सोडा.

पन्नास रुपयांच्या परवान्यापासून आजच्या रिचार्जपर्यंत टीव्हीचं बिल आपल्यासाठी नेहमी दुसऱ्यांनीच ठरवलं. सरकारनं, जाहिरातदारानं, केबलवाल्यानं, कंपनीनं. १९९५ च्या निकालानं हवा लोकांची आहे असं सांगितलं, आणि त्या हवेतून येणारं चित्र आज गडमुडशिंगीच्या पत्र्याच्या छतावरही मासिक पैशाशिवाय उतरतं. आता आपलं बिल आपण ठरवू शकतो. त्यासाठी दोन हजारांची तबकडी आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून केलेली एक यादी पुरेशी आहे.